आदेशावाचूनची कपात

२०२५ च्या दिवाळीनंतर आपल्या मंडळाची बैठक आटोपली, चहाचे पेले हाती आले आणि नेहमीप्रमाणे विषय निघाला तो महागाई भत्त्याचा. मध्यप्रदेश पुनर्गठन अधिनियम, २००० मधील कलम ४९ आपणां निवृत्तांना आता तोंडपाठ झाले आहे. भत्त्याची वाढ कर्मचाऱ्यांना आधी मिळते. आपल्याला मात्र छत्तीसगढच्या संमतीची वाट पाहावी लागते. यावर सर्वांचे एकमत होते आणि ते रास्तही होते. तेवढ्यात एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "आपल्या हक्काचे अडवून ठेवतात आणि तिकडे रेवड्या वाटायला पैसा आहे. स्वयंपाकाच्या बाया दरमहा दीड हजार घरबसल्या घेतात." बहुतेकांनी माना डोलावल्या. ज्या चहाचे घोट घेत हे बोलणे चालले होते, तो चहा करणारी बाई आत भांडी विसळत होती.

मी त्या वेळी काही बोललो नाही. त्या न बोलण्याची भरपाई म्हणून हा लेख. तो काही सभासदांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे.

आधी 'घरबसल्या' या शब्दाचा समाचार घेऊ. आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाई एका गिरणी कामगाराच्या विधवा आहेत. पहाटे साडेपाचला त्यांचा दिवस सुरू होतो. चार घरची पोळीभाजी उरकून त्या दुपारी दोनला स्वतःच्या चुलीशी पोचतात. मुलगा भाड्याची रिक्षा चालवतो, सून घरी शिवणकाम करते, दोन नातवंडे शाळेत आहेत. कोणी बसलेले नाही. या घराला शासनाकडून मिळत होते ते विधवा निवृत्तिवेतनाचे दरमहा ६०० रुपये आणि त्यावर 'लाडली बहना' योजनेतून पूर्तीपोटी ६५० रुपये, असे एकूण १२५० रुपये.

जानेवारी २०२५ मध्ये बाई शासनाच्या लेखी साठ वर्षांच्या झाल्या. आधार कार्ड काढताना जन्मतारीख ठाऊक नव्हती, म्हणून समोरच्या माणसाने १ जानेवारी लिहिली. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी कष्टकरी बायांचा जन्म कागदोपत्री याच दिवशी झालेला आहे. साठी पूर्ण होताच लाडली बहना योजनेतून त्यांचे नाव गेले आणि १२५० चे ६०० झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात योजनेची रक्कम १५०० झाली, तेव्हा हे अंतर ९०० रुपयांचे झाले. बाईंनी मला एवढेच विचारले, "भाऊ, साठ पुरी झाली म्हणून भूक कमी होते का?" प्रदीर्घ शासकीय सेवेत मी अनेक स्पष्टीकरणे लिहिली, या प्रश्नाचे मला लिहिता आले नाही.

यात कोणाची चूक नाही, आणि खरा मुद्दा तोच आहे. कारकुनाने नियम पाळला, संगणकाने नियम पाळला. मार्च २०२३ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हापासून साठीची मर्यादा तिच्यात लिहिलेलीच आहे. पण याच्या शेजारी दुसरा नियम ठेवून पाहा. केंद्र शासनाने २०११ मध्ये वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाची वयोमर्यादा ६५ वरून ६० वर आणली. साठीनंतर गरीब माणसाला आधार लागतो हे त्यामागचे तत्त्व. म्हणजे एका फाइलीत साठावे वर्ष ही गरजेची सुरुवात आहे आणि दुसऱ्या फाइलीत तो गरजेचा शेवट! दोन्ही फाइली एकाच बाईच्या आहेत. त्यातच ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन नोंदणी थांबली. तेव्हापासून या यादीतून बाहेर पडायला वाट आहे, आत यायला नाही. अशी यादी दरवर्षी आपोआप आटते. तिला कपात म्हणत नाहीत, कारण कपातीचा आदेशच कोणी काढलेला नसतो.

आदेशावाचून होणाऱ्या कपातीचा दुसरा प्रकार याहूनही निःशब्द आहे. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला, तेव्हा गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. २००६ मध्ये तो २०० झाला. साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धांसाठी २०२५-२६ च्या अंदाजपत्रकातही तो २०० च होता. या काळात किती सरकारे आली, किती गेली. दोनशे रुपये मात्र ध्रुवासारखे अढळ राहिले.

आता आपल्याच भत्त्याची मोजपट्टी लावू. तिच्यावर तरी आपला विश्वास आहे. केंद्राच्या दराने जानेवारी २००६ ते जानेवारी २०१६ या दहा वर्षांत महागाई भत्ता १२५ टक्क्यांवर गेला, म्हणजे १०० चे २२५ झाले. सातव्या वेतन आयोगाने तो मूळ वेतनात मिसळून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू केली आणि जुलै २०२५ मध्ये ती ५८ टक्क्यांवर पोचली. २२५ वर ५८ टक्के म्हणजे जवळजवळ ३५५. महागाईला तोंड देण्यासाठी आपल्याला १०० चे ३५५ लागतात हे शासनाने मान्य केले आहे. त्याच हिशेबाने वृद्धाच्या २०० रुपयांचे ७११ व्हायला हवे होते. मिळतात २००. उलट बाजूने पाहिले तर २००६ च्या भावाने त्या दोनशेंची किंमत साठ रुपयांहूनही कमी उरली आहे, १९९५ च्या ७५ हूनही कमी! आपल्या मध्यप्रदेशात राज्याचा वाटा मिळवून ही रक्कम २०१९ मध्ये ३०० वरून ६०० झाली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण २०२५ संपेपर्यंत ती सहाशेवरच राहिली. याच मोजपट्टीने ती आठशेच्या वर जायला हवी होती.

आपला भत्ता चार महिने लांबला तर आपण निवेदन देतो, धरणे धरतो, न्यायालयात जातो. या माणसांचा भत्ता वीस वर्षे लांबला आहे, आणि त्यांना भत्ता असतो हेच आपल्याला सुचलेले नाही.

हे कोणी लक्षात आणून दिले नाही असेही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ज्याँ द्रेझ यांच्यासह साठ अर्थशास्त्रज्ञांनी तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांना पत्र लिहून केंद्राचा वाटा निदान ५०० करावा अशी विनंती केली. पुढेही अशी पत्रे गेली. त्याच पत्रात मातृत्व साहाय्याचाही प्रश्न होता. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती व स्तनदा मातेला किमान ६००० रुपये देऊ केले होते. २०१७ पासून जी योजना आली तिच्यात ५००० रुपये ठरले, तेही पहिल्या जीवित अपत्यापुरते. प्रसूतीच्या दुसऱ्या योजनेतील रक्कम मिळवून बेरीज जुळवण्यात आली. कायद्यात एक आणि योजनेत दुसरे, हा कपातीचा तिसरा प्रकार.

चौथा प्रकार छाननीचा. त्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण तो मी स्वतः वापरला आहे. वरून लक्ष्य येते, खाली यादी कमी होते. सेवेत असताना कित्येक अर्जांवर मी 'अपात्र' असा शेरा मारला आहे. त्यातले काही खरोखर अपात्र होते. काहींजवळ फक्त कागद नव्हता. तो फरक शोधायला लागणारा वेळ मी दिला नाही. आज ते काम यंत्र करते. आयुष्यभर भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईला यंत्र ओळखत नाही, आणि ती मात्र स्वतःचीच ओळख पटवण्यासाठी रोजी बुडवून रांगेत उभी राहते. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजना लागू झाली. नोव्हेंबरात निवडणूक झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ५ लाख महिला अपात्र ठरवल्याचे जाहीर झाले. त्यांत संजय गांधी निराधार योजनेचा लाभ घेणाऱ्या सव्वादोन लाखांहून अधिक होत्या. नियम असा होता हे खरे. पण मते मोजण्याआधी तो नियम कोणाला आठवला नाही, हेही खरेच.

आता आक्षेपांचे पाहू. पहिला आक्षेप असा की, एवढा पैसा आणायचा कोठून? सामाजिक साहाय्य कार्यक्रमासाठी केंद्राची तरतूद २०२५-२६ मध्ये सुमारे ९,६५० कोटी रुपये होती आणि त्याआधीची काही वर्षेही ती तेवढ्याच्याच आसपास होती. सर्व रकमा वरच्या मोजपट्टीने साडेतीनपट केल्या, तरी जादा लागतील सुमारे २४-२५ हजार कोटी. त्या वर्षीचे केंद्राचे एकूण अंदाजपत्रक ५० लाख कोटींच्या वर होते. म्हणजे प्रश्न शंभर रुपयांतल्या आठ आण्यांचा आहे. आठ आणे नाहीत असे म्हणणारा खजिना मी पाहिलेला नाही. आठ आणे द्यायचे नाहीत असे ठरवणारे पाहिले आहेत.

दुसरा आक्षेप, असा पैसा माणसाला आळशी करतो. आमच्या बाईंचे साडेसहाशे रुपये गेले तेव्हा त्यांनी साठाव्या वर्षी पाचवे घर धरले. मिळत होते तेव्हा त्या चार घरी राबत होत्या. याला आळस म्हणायचे असेल, तर अठ्ठावन्नाव्या-साठाव्या वर्षी निवृत्त होऊन बागेत फेऱ्या मारणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी वेगळा शब्द शोधावा लागेल.

तिसरा आक्षेप जरा नाजूक आहे. आपले निवृत्तिवेतन हे कमावलेले आहे, त्यांचे फुकटचे, असे आपण मनात म्हणतो. मग त्यांनी काय कमावले नाही? या शहराच्या गिरण्या ज्यांनी चालवल्या त्यांची कुटुंबे गिरण्या बंद पडल्यावर कशी जगली, हे मालवा मिल आणि परदेशीपुऱ्याकडे राहणाऱ्यांना विचारावे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ रोजी सुटले. बत्तीस वर्षे! तोवर कित्येक कामगार निवर्तले होते. राबण्यात ते आपल्यापेक्षा कमी पडले नाहीत. त्यांच्याजवळ सेवापुस्तिका नव्हती, इतकाच फरक.

आणि एक गोष्ट आपल्या घरातलीच. बाईंचे साडेसहाशे रुपये गेल्याचे कळल्यावर त्यांच्या पाच घरांपैकी किती घरांनी पगार वाढवला? एकानेही नाही, आणि त्या पाचांत माझे घर होते. भत्ता वाढला की आपण पेढे आणतो. बाईंचा पगार मात्र दिवाळीच्या साडीत बसवतो. तो आता मी वाढवला आहे. त्यात मोठेपणा नाही. उशीर मात्र आहे.

२०२५ मध्ये आपण अहिल्याबाईंची त्रिशताब्दी साजरी केली. व्याख्याने झाली, मिरवणूक निघाली. त्या स्वतः ऐन तारुण्यात विधवा झाल्या होत्या आणि त्यांचा दानधर्म खासगीतून, म्हणजे स्वतःच्या वाट्यातून चाले. त्यांचे नाव घेणाऱ्या शहरात विधवेच्या सहाशे रुपयांना रेवडी म्हणणे शोभत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. महागाई भत्त्यासंबंधीचे आपले निवेदन पुढील महिन्यात जाणारच आहे. त्यात तीन कलमे वाढवावीत. एक, सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन आपल्या भत्त्याप्रमाणेच महागाई निर्देशांकाला जोडावे. दोन, साठी पूर्ण झाल्यावर कोणत्याही स्त्रीला आधीपेक्षा कमी रक्कम मिळू नये. तीन, लेखी कारण आणि अपिलाची मुदत दिल्यावाचून कोणाचेही नाव यादीतून काढू नये. आपल्यापैकी निम्म्या लोकांची हयात शासकीय टिपणे लिहिण्यात गेली आहे. मसुदा तासाभरात होईल.

ठराव मी मांडतो. अनुमोदनासाठी एक हात वर झाला तरी पुरे.