पहाटेचे पाच मैल

पहाटे उठणाऱ्या माणसांविषयी माझ्या मनात पहिल्यापासून थोडी अढी आहे. ते उठतात याला माझी हरकत नाही. उठल्याचं सांगत फिरतात, याला आहे. दुपारी चारला कुणी पुण्यकर्म केलं तर त्याचा गवगवा होत नाही. पण पहाटे पाचला नुसते दात घासलेला माणूससुद्धा दिवसभर हौतात्म्य पत्करल्यासारखा वावरतो.

चौतीस वर्षं मास्तरकी करताना ही अढी मी मनातच ठेवली. भाच्यानं ती बाहेर काढली.

भाचा घोडेगावचा. बारावीला माझ्याकडे नारायणगावला राहायला आला, तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, ह्याच्या अभ्यासाकडं तेवढं बघ." मी पिशवी उघडून बघितलं. आत बॉक्सिंगचे ग्लोव्हज होते आणि जागा वाया जाऊ नये म्हणून एका ग्लोव्हमध्ये रसायनशास्त्राचं गाइड कोंबलेलं होतं.

बॉक्सिंगला माझा विरोध नाही. गावाबाहेर एका रिकाम्या कांद्याच्या चाळीत त्यांचा वर्ग भरतो. आढ्याला वाळू आणि चिंध्या भरलेलं पोतं टांगलंय, त्याला ही पोरं संध्याकाळी दोन तास बडवतात. शिकवणारे सर माझेच जुने विद्यार्थी. चार वर्षांत हा गडी सकाळच्या शाळेला एक दिवस वेळेवर आला नव्हता. आज तोच पोरांना पहाटे पाचला रस्त्यावर काढतो. त्याचं वेळापत्रक असं: सोमवार ते शनिवार रोज पहाटे पाच मैल, रोज संध्याकाळी बॉक्सिंग, त्यात बुधवारी आणि शनिवारी स्पारिंग, म्हणजे समोरासमोर ठोसाठोशी. आणि रविवारी विश्रांती म्हणून सात मैल!

मी म्हटलं, "अरे, एवढं कशाला?"

त्यानं भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. "गुरुजी, मोहम्मद अली पहाटे जड बूट घालून धावायचा."

धावायचा. खरं आहे. पण अली कशासाठी धावायचा, हेही बघायला नको का? १८८९ साली अमेरिकेत सलिव्हन आणि किलरेन उघड्या मुठींनी लढले. ती लढत ७५ फेऱ्या, दोन तासांहून जास्त चालली. त्या लोकांनी पहाटे धावावं, दुपारी धावावं, वाटल्यास लढत सोडून धावत घरी जावं. त्यांचा हक्कच होता. अलीच्या काळी मोठी लढत १५ फेऱ्यांची. तीन मिनिटांची फेरी, मध्ये एक मिनिट बसायचं, म्हणजे जवळजवळ तासाभराचा मामला. १९७५ साली मनिल्यात अली आणि फ्रेझर १४ फेऱ्या लढले आणि पंधरावीला फ्रेझरला त्याच्या माणसांनीच उठू दिलं नाही. १९८२ साली किम नावाचा कोरियन मुष्टियोद्धा लढतीत डोक्याला मार बसून दगावला, आणि त्यानंतर पंधराच्या बारा फेऱ्या होत गेल्या.

आमच्या भाच्याच्या फेऱ्या किती? तीन! नऊ मिनिटं मारामारी, दोन मिनिटं बसणं, एकूण अकरा. आमच्या शाळेतली प्रार्थना याहून लांबायची. या अकरा मिनिटांसाठी आठवड्याला सदतीस मैल. तेवढ्यात नारायणगावाहून निघालेला माणूस पुण्याच्या निम्म्या वाटेच्या पुढे जाईल.

पण हे सगळं मी घरातल्या घरात, चहाच्या कपाशी बोलत होतो. जिल्ह्याच्या स्पर्धेपर्यंत.

स्पर्धेच्या चार दिवस आधी वजन दीड किलो जास्त भरलं. सरांनी उपाय सांगितला. दोन स्वेटर, वर रेनकोट, आणि पळ. आदल्या रात्रीपासून पाणी बंद. पोरगं पळालं, घामानं निथळलं आणि वजनात बसलं. सगळ्यांना आनंद झाला. जे गेलं ते पाणी होतं, चरबी नव्हती, हे त्या तराजूला कळत नाही. सरांना कळायला हरकत नव्हती. दुसऱ्या फेरीत पोराचे पाय जागेवर उभे राहिले. हात हनुवटीवरून छातीवर आले. मग दोन ठोसे आले. मला तिसऱ्या रांगेतून दिसले, त्याला दिसले नाहीत. पंचांनी लढत थांबवली.

परतीच्या एसटीत त्यानं मला विचारलं, "मामा, आपण कुठं चाललोय?" मी सांगितलं, घरी. राजगुरुनगरच्या पुढे त्यानं पुन्हा विचारलं, "मामा, आपण कुठं चाललोय?"

मी आयुष्यात पुष्कळ मठ्ठ प्रश्न ऐकलेत. एवढा कुठल्याच प्रश्नाला घाबरलो नव्हतो. रात्रीच डॉक्टर गाठला. त्यांनी महिनाभर ठोसे बंद केले. बहिणीला काय सांगायचं ते मी दोन दिवस ठरवत होतो.

तिसऱ्या दिवशी सर भेटायला आले. केळी घेऊन आले होते. म्हणाले, "दम कमी पडला, गुरुजी. महिन्यानंतर आठ मैल करू."

दमलेलं बैल चालेना म्हणून त्याच्या गाडीत आणखी चार पोती टाकावीत, त्यातला हा प्रकार. त्या दिवसापासून मी उघड विरोधी पक्षात आहे.

यात मी बिबट्या अजून आणलेलाच नाही. आमचे जुन्नर-आंबेगाव हे उसाचे तालुके. उसात बिबट्याला आडोसा आहे, पाणी आहे, जवळपास कुत्री आणि शेळ्या आहेत; त्याच्या माद्यांची बाळंतपणंही उसातच होतात. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडकडे २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काही आठवड्यांच्या आत तीन माणसं गेली, त्यांत दोन लहान मुलं. तिथल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या. आमच्या भागातला शेतकरी 'रात्रीची वीज नको, दिवसा द्या' म्हणून ओरडतो, ते अंधारात पाणी धरायची भीती वाटते म्हणून. आणि जो बाप रात्री स्वतःच्या उसात पाय टाकत नाही, त्याचा मुलगा त्याच उसाच्या कडेनं, अंधारात, कानात गाणी घालून पळतो!

वनखातं सांगतं: बिबट्या दिसला तर पळू नका, वाकू नका, ताठ उभे राहा, आरडाओरडा करा. आमचे सर सांगतात: पळत राहा, मधेमधे थांबून शॅडो करा, गुडघ्यात वाका, मुंडी खाली ठेवा, आणि बोलू नका, दम जातो. बिबट्याच्या सोयीचं यापेक्षा चांगलं वेळापत्रक बिबट्यालाही आखता आलं नसतं.

"पण गुरुजी, पहाटे उठल्यानं मन कणखर होतं. तालमीतले पैलवान नाही का उठत?"

उठतात ना. उठून तालमीचं दार लावतात आणि आत हौद्यात जोर मारतात. उसाच्या गाडीपुढं कोण पळतं? हंगामात त्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात, आणि मागचा दिवा लावायची त्यांना शपथ असते.

धावूच नये असं मी म्हणत नाही. दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात श्वास खाली आणायची ताकद सावकाश धावण्यातून येते, हे मला मान्य आहे. पण ते आठवड्यात एकदा, फार तर दोनदा, अर्धा-पाऊण तास, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं. एक दिवस मैदानावर फेरीसारखंच: तीन मिनिटं जोरात, एक मिनिट चालत, असं पाच वेळा, बस्स. एक दिवस चढ. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत; चढताना पळायचं, उतरताना गुडघे सांभाळत चालत यायचं. (पहिल्या दिवशी एका आजींनी भाच्याला विचारलं, "बाळा, एवढा कसला नवस रे?" त्याच्या हातातलं केळं मात्र माकडानं काही न विचारताच नेलं.) ज्या दिवशी स्पारिंग, त्या दिवशी धावणं नाही. दोन्ही एकाच दिवशी आलंच, तर आधी बॉक्सिंग, मग धावणं. थकलेल्या पायांवर ठोसे चुकवता येत नाहीत, हे मी तिसऱ्या रांगेतून पाहिलेलं आहे. रविवारी झोप. आणि सगळं संध्याकाळी पाचला, उजेडात. कॉलेजमुळे तो रोजच्या शिकवणीला जेमतेम पोचत होता. म्हणून मी सरांना शिकवणी अर्धा तास पुढं ढकलायला सांगितलं. त्यांनी अपमान झाल्यासारखा चेहरा केला, पण ढकलली.

आता मंगळवारी मी मैदानावर शाळेतली जुनी शिट्टी आणि मनगटी घड्याळ घेऊन उभा राहतो. भाचा पळतो. परवा कुंपणाशी सर येऊन उभे राहिलेले दिसले. मी बघितलं नाहीसं केलं. चौथी फेरी झाली, भाचा चालायला लागला, मी शिट्टी वाजवली. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला,

"गुरुजी, मिनिट झालं नाही अजून. पन्नासच सेकंद झालीत. नीट बसू द्या त्याचा श्वास."

मी घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं.