टेबलाखालची प्रयोगशाळा: मोजक्या पैशांत गेमिंग संगणक जुळवताना

इंडिया-एआय मोहिमेंतर्गत ३८ हजारांहून अधिक जीपीयू उपलब्ध झाले असून ते ताशी सुमारे ६५ रुपये अशा सवलतीच्या दराने वापरता येतील, ही बातमी आपण वाचली असेलच. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेचे स्वागतच आहे. तरीही माझे मत असे की, पदवीच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थ्याचे पहिले ग्राफिक्स कार्ड दूरच्या केंद्रात नसावे, त्याच्या टेबलाखाली असावे. ते ‘गेमिंग’च्या नावाने घरात आले तरी काही बिघडत नाही.

२०१२ मध्ये प्रतिमा ओळखण्याच्या स्पर्धेत बाजी मारणारे ‘ॲलेक्सनेट’ दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर प्रशिक्षित झाले होते. ती गेम खेळण्याचीच कार्डे होती आणि प्रत्येकाची स्मृती अवघी ३ जीबी होती. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग काढणे काय किंवा न्यूरल नेटवर्कमधले गुणाकार करणे काय, दोन्हीकडे एकच साधी क्रिया एकाच वेळी असंख्य वेळा करायची असते. गेम म्हटले की नाक मुरडणाऱ्या ज्येष्ठांना हे एकदा शांतपणे सांगायला हवे.

समजा, हाती ६०-७० हजार रुपये आहेत. बहुधा ते कोणाची तरी मुदत ठेव मोडून आलेले असतात. म्हणून निवड प्रयोगशाळेतील उपकरणाची करतो तशीच करावी. सेकंदाला ६० चौकटी हव्या असतील, तर प्रत्येक चौकटीसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि प्रोसेसर व कार्ड यांतील जो संथ, तो वेग ठरवतो. या किमतीत बहुतेक वेळा संथ ठरते ते कार्डच. तेव्हा रायझन ५ ५६०० सारखा सहा गाभ्यांचा प्रोसेसर पुरेसा आहे. वाचलेले पैसे कार्डात घालावेत.

कार्ड घेताना वेगापेक्षा स्मृती आधी पाहावी. आरटीएक्स ४०६० नवे आणि वेगवान आहे, पण त्यावर ८ जीबी स्मृती आहे; जुन्या आरटीएक्स ३०६० च्या मूळ आवृत्तीत १२ जीबी. या जुन्या कार्डाची गणनकेंद्रे स्वतःच्या स्मृतीतून सेकंदाला ३६० जीबी माहिती उचलू शकतात. स्मृती भरून वाहू लागली, की तीच माहिती मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गाने आणावी लागते आणि तिथे एका दिशेने सेकंदाला फार तर ३२ जीबी मिळतात. म्हणजे अकरापट घसरण! गेममध्ये ती झटके म्हणून दिसते. मॉडेल प्रशिक्षित करताना बहुधा कार्यक्रमच बंद पडतो. केवळ खेळायचे असेल तर ४०६० घ्यावे. खेळून झाल्यावर शिकायचेही असेल, तर मी १२ जीबीच्या बाजूने उभा आहे.

एक मर्यादा मात्र विक्रेता सांगणार नाही. ३०६० आणि ४०६० ही कार्डे दुहेरी अचूकतेची गणिते एकेरीच्या १/६४ वेगानेच करतात. तुमच्या समीकरणांना पंधरा-सोळा अंकांची अचूकता लागत असेल, तर ‘परम रुद्र’ सारख्या महासंगणकाचे दार ठोठावण्याला पर्याय नाही.

सर्वाधिक कंजुषी होते ती एसएमपीएसवर, आणि तीच सर्वांत महागात पडते. कार्डाची विजेची मागणी काही मिलिसेकंदांपुरती सरासरीच्या बरीच वर उसळी घेते. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा निनावी एसएमपीएस ती सोसेलच असे नाही. ३०६० साठी नामांकित कंपनीचा ५५० वॉटचा पुरतो. कॅबिनेटही पुढे जाळी असलेले घ्यावे. काच आणि रंगीत दिवे हवा खेळवत नाहीत. चिपचे तापमान खोलीच्या तापमानापेक्षा जवळपास ठरावीक अंशांनी वर राहते. परदेशी परीक्षकाच्या २२ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारे कार्ड नागपूर किंवा जयपूरच्या मे महिन्यात, ४० अंशांच्या खोलीत, ८८ च्या आसपास जाऊ पाहील आणि स्वतःच वेग कमी करू लागेल. यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. चिपमधील गतिक वीजव्यय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तीच वारंवारता ठेवून व्होल्टेज दहा टक्के उतरवता आले, तर हा व्यय १९ टक्क्यांनी घटतो. किती उतरवता येईल ते प्रत्येक चिपवर थोडे थोडे करून तपासावे लागते, आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून गोड गृहपाठ कोणता?

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस झपाट्याने चढले, कारण स्मृतिचिपा एआयच्या विदाकेंद्रांकडे वळल्या. गुजरातमधील साणंदच्या कारखान्यामुळे त्या लगेच स्वस्त होतील, अशी आशा धरू नये. तिथे चिपांची जुळणी व चाचणी होते, चिपा घडत नाहीत. सध्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एकाच पट्टीने अर्धी वाहिनी रिकामी राहते.

पैसे तरीही कमी पडले, तर नेहरू प्लेस, लॅमिंग्टन रोड किंवा एस. पी. रोडवर वापरलेली कार्डे मिळतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे खाणकाम थांबल्यावर अशी पुष्कळ कार्डे बाजारात आली. घेण्यापूर्वी दुकानातच अर्धा तास पूर्ण भारावर चालवून दाखवण्याचा आग्रह धरावा, पंख्यांचा आवाज ऐकावा, अनुक्रमांकावरून वॉरंटी पडताळावी. दुकानदार का-कू करू लागला, तर पुढच्या दुकानात जावे.