स्मार्ट चार्जर घ्यायचा की साधा? पनवेलकरांनो, आधी वीजबिल बघा

गेल्या महिन्याभरात निदान चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. इलेक्ट्रिक गाडी बुक केलीय, घरी कुठला स्मार्ट चार्जर बसवू? कुणी नवीन पनवेलचा, कुणी कामोठ्याचा, एक जण करंजाड्याचा. युट्यूबवर परदेशातले व्हिडिओ बघून सगळ्यांचं जवळपास ठरलेलं असतं. ॲप पाहिजे, वायफाय पाहिजे, रात्री स्वस्त विजेत आपोआप चार्जिंग पाहिजे.

मी पत्रकार माणूस, इलेक्ट्रिशियन नाही. पण वीस वर्षं या गावात वीज, पाणी आणि सोसायट्यांची भांडणं यावर बातम्या लिहितोय. त्यावरून स्पष्टच सांगतो, आपल्याकडे हा प्रश्न उलटा विचारला जातोय.

त्या व्हिडिओतली गोष्ट खोटी नाही, फक्त ती आपली नाही. इंग्लंडमध्ये ३० जून २०२२ पासून घरगुती चार्जर स्मार्ट असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. विजेची मागणी जास्त असते त्या वेळा टाळून चार्जिंग करण्याची सेटिंग त्यात आधीच केलेली असते. तिकडे मध्यरात्रीनंतर वीज खूप स्वस्त देणाऱ्या योजना आहेत. गाडी रात्री दारात उभी आणि वीजही रात्री स्वस्त, म्हणजे चार्जरचे पैसे वसूल.

आपल्याकडे काय? महावितरणने १ जुलै २०२५ पासून टीओडी स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सवलत सुरू केली. प्रतियुनिट ८० पैसे ते १ रुपया. वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ५! कारण साधं आहे, दिवसा सौरऊर्जा भरपूर असते. पण तेव्हा आपली गाडी कुठे असते? ऑफिसच्या पार्किंगमध्ये, नाहीतर खांदेश्वर किंवा मानसरोवर स्टेशनच्या बाहेर. रात्री ११ ला चार्जिंग सुरू करणारा स्मार्ट चार्जर घरगुती बिलात तुमचा एक रुपयाही वाचवत नाही.

आता हिशोब करू. पनवेल-वाशी जाऊन-येऊन साधारण ५० किलोमीटर. एका युनिटला ७ किलोमीटर धरले तर रोज ७ युनिट, महिन्याचे २६ दिवस म्हणजे १८२ युनिट. हे सगळं चार्जिंग दिवसा घरीच केलं असं समजा, तरी महिन्याला वाचणार दीडशे ते एकशे ऐंशी रुपये. ॲपवाल्या आणि साध्या चार्जरच्या किमतीत दहा हजारांचा फरक असेल, तर तो भरून निघायला साडेचार ते पावणेसहा वर्षं. तेसुद्धा गाडी रोज दिवसा घरी असेल तर. आणि ठरावीक वेळी चार्जिंग सुरू करायची सोय बऱ्याच गाड्यांत मुळातच असते, त्यासाठी भिंतीवर वेगळा मेंदू नको.

वेगाचंही तसंच. १५ अँपिअरच्या चांगल्या पॉइंटवर ३.३ किलोवॅटने ७ युनिट भरायला दोन-सव्वादोन तास लागतात. रात्री जेवून झोपलात तर गाडी पहाटेच्या आत तयार. ७.२ किलोवॅटचा चार्जर ४५ युनिटची रिकामी बॅटरी सहा-सात तासांत भरतो, ३.३ वर चौदा-पंधरा तास लागतात, हे खरं. पण रोज बॅटरी रिकामी करून घरी येणारे आपल्यात किती? टॅक्सीवाले, किंवा रोज पुणे करणारे. त्यांनी ७.२ जरूर घ्यावा. बाकीच्यांनी आधी बिलावरचा ‘मंजूर भार’ वाचावा. एसी, गिझर चालू असताना ७.२ चा चार्जर लावला आणि मंजूर भार तीन-चार किलोवॅटच असेल, तर भार वाढवून घ्यावाच लागेल.

मग स्मार्ट चार्जर अगदी निरुपयोगी का? नाही. तीन ठिकाणी तो खरंच कामाचा आहे.

पहिलं, भार सांभाळणं. घरातला किंवा बिल्डिंगचा वापर वाढला की चार्जर स्वतः करंट कमी करतो, मेन स्विच पडत नाही. दुसरं, कार्डाने किंवा पिनने कुलूप. स्टिल्टमधल्या तुमच्या पॉइंटवर दुसऱ्याने गाडी लावू नये म्हणून. तिसरं, युनिट मोजणं. एका चार्जरवर पाच घरांच्या गाड्या असतील तर कुणी किती वीज वापरली यावरून भांडण होत नाही. नीट बघा, हे तिन्ही फायदे एकट्या माणसापेक्षा सोसायटीचे जास्त आहेत.

घेणारच असाल तर दुकानदाराला चार प्रश्न विचारा. तळघरात नेटवर्क नसताना चार्जर चालतो का? कंपनी बंद पडली तर काय? अमेरिकेत एनेल एक्स वे या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये गाशा गुंडाळला आणि तिच्या ज्यूसबॉक्स चार्जरवाल्या घरांचा ॲपचा आधार गेला. म्हणून ‘ओसीपीपी’ ही खुली पद्धत चालते का ते विचाराच, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेला जोडायचा मार्ग राहतो. गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारं संरक्षण आहे का? आणि पावसात टिकेल का? २००५ च्या जुलैत गाढी नदीने पनवेलमध्ये काय केलं ते आठवतंय ना? चार्जर उंचावर बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. ॲपपेक्षा अर्थिंगवर खर्च केलेला बरा.

आता खरा मुद्दा. आपल्याकडे अडतं ते चार्जरच्या ब्रँडपाशी नाही, सोसायटीच्या एनओसीपाशी. मी राहतो त्या भागातल्याच एका सोसायटीत एका सभासदाचा अर्ज सात महिने पडून आहे. कारण विचारलं तर ‘आग लागेल’, ‘उद्या सगळेच मागतील’. अहो, सगळे मागणारच आहेत! म्हणून तर आत्ता नीट नियोजन करायचं. नाहीतर प्रत्येक जण आपापल्या वायरमनकडून जिन्यातून वायर खाली सोडेल, आणि मग खरंच आग लागेल.

नियम ग्राहकाच्या बाजूने आहेत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या जोडणीवर गाडी चार्ज करता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागायचा मार्ग खुला झाला. वेगळ्या जोडणीचा फायदा समजून घ्या. घरचा वापर २०० युनिट असेल आणि त्यात गाडीचे १८२ आले, तर तुम्ही ३०० च्या वरच्या स्लॅबमध्ये गेलात. गाडीच्या मीटरला वेगळा दर लागतो, घरचं बिल फुगत नाही.

म्हणून माझं मत असं. प्रत्येकाने वेगवेगळा स्मार्ट चार्जर घेण्यापेक्षा सोसायटीने एक वेगळी जोडणी घ्यावी. जागेवर जागेवर १५ अँपिअरचे पॉइंट, एक-दोन वेगवान चार्जर, आणि सगळ्यांवर मिळून भार सांभाळणारी एक यंत्रणा. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते, विषयपत्रिकेत हा विषय लेखी द्या. आयत्या वेळच्या विषयात टाकलात तर चहा येतो आणि विषय जातो.

आणि एक मागणी सिडको, महापालिका आणि महावितरणकडे. दिवसा वीज मुबलक आहे आणि दिवसभर शेकडो गाड्या पनवेल, खांदेश्वर, मानसरोवर, खारघर स्टेशनांबाहेर नुसत्या उभ्या असतात. तिथे महागडे जलद चार्जर नकोत. आठ तास उभ्या गाडीला साधा १५ अँपिअरचा, मीटर लावलेला पॉइंट पुरतो. त्यावर दिवसाच्या सवलतीचा दर द्या. ज्याच्या सोसायटीत परवानगी मिळत नाही, जो भाड्याने राहतो, ज्याला स्वतःचं पार्किंगच नाही, त्याचीही सोय होईल. नाहीतर इलेक्ट्रिक गाडी ही बंगलेवाल्यांचीच राहील.

ज्यांच्या सोसायटीत हे नीट झालंय त्यांनी कमेंटमध्ये लिहा. जोडणीला किती दिवस लागले, खर्च कसा वाटला, चेअरमन कसे तयार झाले. दहा सोसायट्यांची माहिती जमली की एकत्र करून टाकतो, इतरांना सभेत दाखवायला उपयोगी पडेल.

#पनवेल #सोसायटी #इलेक्ट्रिकगाडी