शरदाचे रविवार

दसरा आणि दिवाळी यांच्यामध्ये जेमतेम वीस दिवस असतात आणि त्यांत दोन किंवा तीन रविवार येतात. या रविवारांविषयी मराठी ललितगद्याने नेहमीच ममत्वाने लिहिले आहे. पाऊस ओसरलेला, आभाळ धुऊन निघालेले, सण दारात पण अजून उंबऱ्याबाहेर, घरातली माणसे घरातच, हातात पुस्तक, कुठे चिवड्याच्या पोह्यांना ऊन दाखवणे चाललेले. हे चित्र खोटे आहे असे आम्हांला म्हणायचे नाही. पुसदसारख्या गावातही, नोकरदारांच्या वसाहतींतून आश्विनातल्या रविवारी दुपारी फिरून पाहावे, ते चित्र जसेच्या तसे सापडते. आमचा प्रश्न वेगळा आहे. ही शांतता येते कुठून? आणि ती ऋतूची आहे असे आपण वर्गात शिकवतो, ते कितपत खरे आहे?

आधी शब्दापासून सुरुवात करू. इंग्रजी ‘ऑटम’चे भाषांतर आपण डोळे मिटून ‘शरद’ असे करतो. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या निबंधांत शरदामध्ये पानगळ होते, वारा बोचरा होतो आणि माणसे घरात शिरून खिडकीतून बाहेर पाहू लागतात. पुसदच्या भोवतालच्या डोंगरांत सागाची पाने या दिवसांत गच्च हिरवी असतात. त्यांची गळ व्हायला अजून महिने असतात. आणि ‘ऑक्टोबर हीट’ ज्यांनी यवतमाळ जिल्ह्यात काढली आहे, त्यांना घरात शिरण्याचे कारण थंडी नव्हे, ऊन आहे, हे सांगावे लागत नाही. पानगळ आपल्याकडे शिशिराची. इंग्रजी कवितेतली हवा आपण मराठी महिन्याच्या नावाखाली भरून ठेवली आहे.

आपल्या परंपरेतला शरद हा घरी बसण्याचा ऋतू नव्हेच. चातुर्मास कार्तिकी एकादशीला संपतो हे खरे, पण राजा असो की व्यापारी, पाऊस निवळला की दसऱ्यालाच सीमोल्लंघन करतो. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात रघू दिग्विजयाला निघतो तो शरदात, कारण नद्या उताराच्या झाल्या आहेत आणि चिखल वाळला आहे. किष्किंधाकांडात राम पावसाळा कसाबसा काढतो आणि शरद लागला तरी सुग्रीव हलत नाही म्हणून संतापतो. शरद म्हणजे अडलेले काम सुरू होण्याचा काळ. वेदकाळापासून आयुष्याची मोजणीही शरदांनी झाली. वर्ष ज्या ऋतूत हिशेबाला येते, पीक पदरात पडते की नाही ते कळते, त्या ऋतूने वर्ष मोजायचे, हे समजण्यासारखे आहे.

‘रघुवंशा’च्या त्याच सर्गात एक जागा अशी आहे की तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. रघूची कीर्ती गाणारे तेथे दरबारातले भाट नाहीत. उसाच्या सावलीत बसून भाताचे शेत राखणाऱ्या बाया ती गातात. राजा मोहिमेवर निघण्याआधी कवीची नजर शेत राखणारीवर जाते. संस्कृत महाकाव्याच्या शरदात श्रम करणारी बाई आहे. तिला आपल्या शाळा-महाविद्यालयांतल्या शरदातून कोणी घालवले, हा खरे तर संशोधनाचा विषय व्हावा. काश, हंस, चांदणे एवढेच संकेत शिल्लक राहिले आणि राखण करणारी गळाली.

ती पुसदच्या आसपास आजही आहे. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी भरात असते. कापलेल्या सोयाबीनची गंजी लागते, तिच्यावर ताडपत्री पडते आणि घरचे सारे परतीच्या पावसाकडे डोळे लावून असतात, कारण गंजीखाली पाणी गेले की दाणा काळा पडतो. मळणीयंत्र गावात एक-दोनच असले तर पाळी केव्हा येईल ते सांगता येत नाही, आणि ती रविवार पाहून येत नाही. सोयाबीन आवरते न आवरते तोच कापसाचा पहिला वेचा येतो. वऱ्हाडात या पहिल्या वेच्याला ‘सीतादही’ करण्याची रीत आहे: शेतातच मांडलेली छोटी पूजा, दहीभात, आणि मग ओटी बांधून बाया तासाला लागतात. वेचणीची मजुरी किलोवर असते. त्यामुळे कामाचा वेग ज्याचा त्याने ठरवायचा असे वाटते. प्रत्यक्षात तो दिवाळीच्या खर्चाने ठरवलेला असतो. आमच्या वर्गांतल्या कित्येक मुली या दिवसांत शनिवारी दिसत नाहीत. सोमवारी येतात तेव्हा बोटांवर बोंडांच्या वाळक्या टोकांचे ओरखडे असतात. हजेरीपटात त्या ‘अनुपस्थित’ असतात.

म्हणजे नोकरदारांच्या वसाहतींतल्या त्या रविवार दुपारच्या शांततेला एक अगदी साधे कारण आहे. भाजीवाली, धुणेवाली, बांधकामावरचा मजूर, यांतली बरीच माणसे या दिवसांत आपल्या गावी किंवा दुसऱ्याच्या शेतात गेलेली असतात. आवाज करणारे लोक कामावर आहेत म्हणून शांतता आहे. तिच्यात शरदाचा वाटा थोडा आणि श्रमविभागणीचा मोठा.

रविवारची सुट्टीदेखील आभाळातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्जांवर हजारो सह्या गोळा केल्या, आणि १८९० च्या जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचे एक कारण सांगितले जाते, आणि ते आम्हांला फार महत्त्वाचे वाटते: साहेबाच्या चर्चचा वार कामगारांनी आपल्या कुलदैवताच्या नावाने मागून घेतला. आता या इतिहासाची दुसरी बाजू पाहावी. मुंबईच्या त्या गिरण्यांत जो कापूस जात होता, त्यात वऱ्हाडचा कापूसही होता. कापूस कातणाऱ्याला रविवार मिळाला. कापूस वेचणारीला तो आजही मिळालेला नाही. तिच्या आठवड्याला सुट्टी असलीच तर ती गावच्या बाजाराच्या दिवशी, आणि तीही मीठ-मिरची घ्यायला. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २०२० च्या फेब्रुवारीअखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि पुसदच्या कचेऱ्यांचा शनिवारही मोकळा झाला. मराठीत ‘सप्ताहान्त’ हा शब्द होताच, काही मंडळींनी ‘वीकान्त’ असा गमतीदार जोडशब्दही रूढ करून पाहिला. शेतात यांपैकी कोणताच शब्द पोचलेला नाही, कारण तेथे आठवड्याला अंत नसतो.

येथे कोणी म्हणेल की हे समाजशास्त्र झाले, साहित्याचा यात काय संबंध? तर संबंध वाचनाचा आहे. ‘ऋतुचक्र’ आणि ‘बारोमास’ ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे, सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ २००२ ची. दोन्हींची नावे वर्षाच्या फेऱ्याची आहेत. दुर्गाबाई महिन्यामागून महिना झाडे, फुले, पाखरे आणि आभाळ पाहत जातात, आणि ते पाहणे इतके तीक्ष्ण आहे की मराठीत त्याला तोड नाही. ‘बारोमास’मध्येही बारा महिने आहेत, पण तेथे महिना म्हणजे पेरणी, पाऊस हुकणे, कर्ज, आणि शिकून घरी बसलेल्या मुलाची कुचंबणा. एकाच वर्षाची ही दोन वाचने आहेत. पण अभ्यासक्रमात पहिले ‘ललित’ म्हणून येते आणि दुसरे ‘ग्रामीण’ म्हणून, आणि या दोन चौकटींमध्ये कुणी दार ठेवलेले नाही. ऋतू ललिताच्या वाट्याला गेला, कष्ट ग्रामीणाच्या. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधल्या (१९६०) कौतिकच्या आयुष्यातही ऋतू येतात-जातात, पण ‘धग’मधील ऋतुवर्णन असा प्रश्न कोणत्या परीक्षेत आल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तो यावा.

इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका वाटू नये. कीट्सची शरदावरची प्रसिद्ध कविता १८१९ च्या सप्टेंबरात लिहिली गेली. त्याच्या महिनाभर आधी मँचेस्टरला पीटरलूच्या मैदानात हक्क मागायला जमलेल्या लोकांवर घोडदळ घालण्यात आले होते. त्या कवितेतली निवांत सुगी ही त्या काळाकडे फिरवलेली पाठ आहे की त्याच काळाला दिलेले आडवळणाचे उत्तर, यावर समीक्षकांत गेली कित्येक दशके वाद आहे. आम्ही त्या वादात कोणाचीच बाजू घेत नाही. मात्र असा वाद तिकडे झाला आणि आपल्या शरदाविषयी झालाच नाही, याची खंत वाटते. ज्या पुसद तालुक्यातल्या गहुलीला वसंतराव नाईकांचा जन्म झाला आणि ज्यांचा जन्मदिवस, १ जुलै, राज्यात ‘कृषिदिन’ म्हणून पाळला जातो, त्या तालुक्यात तरी ऋतू आणि शेती वेगवेगळ्या तासांना शिकवू नयेत.

एका शब्दजोडीकडे लक्ष वेधावेसे वाटते. कोजागरी म्हणजे ‘कोण जागे आहे?’ असे लक्ष्मीने विचारण्याची रात्र. गावात त्या रात्री गच्चीवर दूध आटते, गाण्यांची मैफल होते, कुणीतरी चांदण्यावरच्या कविता म्हणते. त्याच रात्री शेतात मचाणावर माणूस जागा असतो, रानडुकरे आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून. त्याच्या जागण्याला ‘जागल’ म्हणतात. जागर आणि जागल हे एकाच धातूतून निघालेले सख्खे शब्द आहेत. एक देवघराकडे गेला, दुसरा बांधाकडे. लक्ष्मीचा प्रश्न खरोखर कोणाला उद्देशून आहे, याचे उत्तर भाषेने देऊन ठेवले आहे. आपण फक्त पहिल्याच शब्दाचा अर्थ मुलांना सांगतो.

याचा अर्थ घरी शांतपणे बसून वाचणाऱ्याने अपराधी वाटून घ्यावे, असा कोणी काढू नये. ते फार सोपे आणि निरुपयोगी आहे. लोखंडे ज्या गोष्टीसाठी झगडले ती हीच होती, की कष्ट करणाऱ्याला आठवड्यात एक दिवस स्वतःचा असावा. हा दिवस ज्यांना मिळाला त्यांनी तो पुस्तकात घालवला तर त्यात गैर काहीच नाही. कपाटे पुसण्यात आणि आकाशकंदील निवडण्यात तो संपतो याचेच आम्हांला वाईट वाटते. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाच्या या सुट्टीला एक खास खाद्य मिळाले. अशी प्रथा सहजासहजी उभी राहत नाही. तक्रार आहे ती शांतता सर्वांची आहे असे गृहीत धरण्याविषयी. ‘दिवाळीपूर्वी घरी निवांत वाचून या’ असे जेव्हा आपण वर्गाला सांगतो, तेव्हा ‘घरी’ आणि ‘निवांत’ या दोन्ही शब्दांत अर्धा वर्ग मावत नाही. अलीकडे यावर एक उपायही सुचवला जातो: शेतात जाणाऱ्या मुलांनी तिथले शब्द, गाणी, म्हणी गोळा करून आणाव्यात. कल्पना चांगली दिसते. पण दिवसभर वेचणी करून आलेल्या मुलीला रात्री वहीत शब्द उतरवायला सांगणे म्हणजे तिच्या पाठीवर दुसरे गाठोडे देणे आहे, आणि तेही तोलाचे पैसे न देता. त्यापेक्षा आश्विनातले तास हलके ठेवावेत, वाचायचे ते वर्गातच मोठ्याने वाचावे, आणि ग्रंथालय या तीन आठवड्यांपुरते तरी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे ठेवावे. यांतले काहीही खर्चाचे नाही.

शेवटी घराविषयी. वेचलेला कापूस लगेच विकला जातोच असे नाही. भाव चढेल या आशेने शेतकरी तो घरात भरून ठेवतो, आणि लहान घरात तो ठेवायचा तर माणसांच्याच खोलीत ठेवावा लागतो. दिवाळीच्या सुमारास अशी घरे पाहावीत: समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, बाजूला चूल आणि भांडी, मधल्या चिंचोळ्या वाटेने ये-जा. त्याच्यावरच अंथरूण, त्याच्यावरच पोराचा अभ्यास. अंगाला खाज सुटते, नाकात तंतू जातात, दिवा लावताना जीव मुठीत धरावा लागतो, आणि सण तर दिव्यांचाच. पणत्या दारात नीट अंतरावर ठेवतात. आवाज मात्र या घरात फारसा नसतो. कापूस सगळा आवाज पिऊन टाकतो. बाहेरून जाणाऱ्याला वाटेल, किती शांत घर आहे.