लुटुपुटीचा खटला

ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी कायद्याचा अभ्यास करीत आहे, त्या घरांतील वडील मंडळींस अलीकडे एक कोडें पडूं लागलें आहे. काल सायंकाळीं वादीची बाजू तावातावानें मांडणारा विद्यार्थी आज सकाळीं तितक्याच आवेशानें प्रतिवादीचें समर्थन करतो. मग ह्याचें खरें मत तरी कोणतें? हें शिक्षण म्हणावें कीं नाटक? शंका विचार करण्यासारखी आहे. परंतु उत्तर देण्यापूर्वीं ह्या शिक्षणाचें स्वरूप पाहणें अवश्य आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियानें २००८ सालीं केलेल्या नियमांनुसार कायद्याच्या विद्यार्थ्यास वर्षांत निदान तीन अभिरूप न्यायालयांत भाग घ्यावा लागतो. प्रत्येकास १० गुण. पैकीं ५ लेखी निवेदनास व ५ तोंडी युक्तिवादास. शिवाय एक दिवाणी व एक फौजदारी असे दोन खटले प्रत्यक्ष कोर्टांत बसून पाहावे लागतात. स्पर्धाही पुष्कळ होतात. आंतरराष्ट्रीय कायद्याची, १९६० सालीं सुरू झालेली जेसप स्पर्धा बंगळूरच्या राष्ट्रीय विधि विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं १९९९ व २०१३ सालीं जिंकली. तींत प्रत्येक संघास दोन्ही पक्षांचीं निवेदनें लिहावीं लागतात. बोलतां बोलतां मध्येंच न्यायासनावरून प्रश्न येतात, तेव्हां पाठ केलेलें भाषण कामास येत नाहीं.

तथापि अशा बहुतेक स्पर्धांत खटल्याची हकीकत आधींच ठरवून दिलेली असते. वाद उरतो तो कायद्याच्या अर्थाचा. हें वरिष्ठ न्यायालयांतील अपिलाचें अनुकरण होय. तालुक्याच्या कोर्टांत मात्र मुळांत घडलें काय, ह्यावरच भांडण असतें. तेथें साक्षीदार पिंजऱ्यांत येतो. त्याची सरतपासणी, उलटतपासणी व जरूर तर फेरतपासणी होते. आपल्याच साक्षीदारास सूचक प्रश्न सामान्यतः विचारतां येत नाहींत, उलटतपासणींत मात्र येतात. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील हा नियम १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही कायम आहे. तो पाठ करण्यास दोन मिनिटें पुरतात. पण साक्षीदार भलतेंच उत्तर देऊं लागला म्हणजे पुढें काय विचारावें, किंबहुना विचारावें कीं खालीं बसावें, हें कळण्यास सराव लागतो. म्हणून ज्या स्पर्धांत विद्यार्थीच साक्षीदार होतात व विद्यार्थीच त्यांस तपासतात, त्या आम्हांस अधिक मोलाच्या वाटतात.

हा सराव नसला म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण सर्वश्रुत आहे. गांधीजी १८९१ च्या जूनमध्यें लंडन येथें बॅरिस्टर झाले. परीक्षा देणें व ठराविक भोजनांस हजर राहणें, एवढ्यावर ती पदवी मिळे. वकिली कशी करावी, हें त्यांत येत नसे. स्वदेशीं परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयांत ममीबाई नांवाच्या स्त्रीचा खटला त्यांजकडे आला. फी ३० रुपये. वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी करावयास ते उठले, तों डोकें गरगरूं लागलें. एकही प्रश्न सुचेना. ते खालीं बसले, दुसरा वकील द्यावा असें सांगून त्यांनीं फी परत केली. हें सर्व त्यांनीं स्वतःच आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. ममीबाईंचे पैसे तरी परत मिळाले. प्रत्येक अशिलाचें दैव इतकें चांगलें नसतें. ज्याची जमीन किंवा अब्रू पणास लागली आहे, त्याच्या खटल्यावर वकिलानें आपला पहिला धडा गिरवूं नये, यासाठींच हा लुटुपुटीचा खटला.

आतां मूळ शंका. दोन्ही बाजू मांडणें म्हणजे खोटें बोलणें नव्हे. आपले शास्त्रकार आधीं पूर्वपक्ष मांडतात, आणि तो जितका बळकट, तितका पुढील सिद्धांत भक्कम ठरतो. वकील कोर्टापुढें स्वतःचें मत सांगत नाहीं. अशिलाच्या बाजूनें जें न्याय्यपणें म्हणतां येईल तें म्हणतो. निर्णय न्यायाधीशानें द्यावयाचा. मर्यादाही स्पष्ट आहे: साक्षीदारास खोटें पढविणें किंवा बनावट पुरावा रचणें हा युक्तिवाद नसून अपराध आहे. लुटुपुटीच्या खटल्यांतही साक्षीदारानें दिलेल्या हकिकतीबाहेर सोयीस्कर गोष्ट रचावयाची नसते, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

घरच्या मंडळींनींही ह्या कामीं हातभार लावावा. एकत्र कुटुंबांत साक्षीदारांस तोटा नाहीं. आजोबांनीं पिंजऱ्यांत उभें राहावें, काकूंनीं न्यायासन स्वीकारावें आणि चिरंजीवांची किंवा चि. कन्येची परीक्षा पाहावी. युक्तिवाद रंगला म्हणून केवळ वाहवा करून सोडूं नये. "प्रतिपक्षाचें म्हणणें काय, तें आधीं सांग," असें बजावावें. तें नीट सांगतां येईना, तर त्या दिवशीं कामकाज तहकूब करावें.