मुक्तीची किंमत कोणी मोजायची?

लैंगिक मुक्तीने स्त्रीचे हित झाले की अहित, हा प्रश्न पश्चिमेकडे पुन्हा ऐरणीवर आला आहे. या खेपेस तो धर्मपीठावरून विचारला जात नसून खुद्द स्त्रियाच तो विचारीत आहेत. ब्रिटनमधील पत्रकार लुईज पेरी यांचे ‘द केस अगेन्स्ट द सेक्शुअल रेव्होल्यूशन’ हे पुस्तक २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यांचा आरोप असा की, १९६० नंतर जे स्वातंत्र्य आले त्याचा लाभ प्रामुख्याने पुरुषांच्या पदरात पडला. गर्भधारणेचे भय गेले, त्याबरोबर नकार देण्यासाठी स्त्रीपाशी असलेले एक कारणही गेले. संमती दिली एवढ्यावर सर्व काही क्षम्य ठरू लागले आणि अश्लील चित्रफितींच्या व्यापाराने स्त्रीदेहाच्या बाजाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. यावर पेरी यांनी सुचविलेला उपाय म्हणजे विवाहसंस्थेकडे परत वळणे.

हा आरोप ऐकून सनातनी मंडळींना आनंद व्हावा हे साहजिकच आहे. पुरोगामी कार्यकर्ता बहुधा त्याला प्रतिगामी ठरवून मोकळा होतो. दोन्ही प्रतिक्रिया उथळ आहेत. या आरोपातील निदान बऱ्याच अंशी खरे आहे, उपचार मात्र घातक आहे. निदान आणि उपचार यांची फारकत करणे हे समाजवादी विचाराचे काम होय.

प्रथम निदान पाहू. जॉर्ज अकर्लोफ, जॅनेट येलेन आणि मायकेल कॅट्झ या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ साली अमेरिकेतील एका वस्तुस्थितीचा शोध घेतला. १९६५ साली तेथील गोऱ्या अर्भकांपैकी सुमारे ३ टक्के आणि काळ्या अर्भकांपैकी २४ टक्के अविवाहित मातांच्या पोटी जन्मत होती. १९९० पर्यंत हे प्रमाण अनुक्रमे १८ आणि ६४ टक्क्यांवर गेले. संततिनियमनाची गोळी १९६० साली बाजारात आली, गर्भपाताचा हक्क १९७३ साली मिळाला, आणि तरीही एकाकी मातांची संख्या वाढावी, हे कोडे होते. त्याची उकल त्यांनी अशी केली : पूर्वी गर्भ राहिल्यास पुरुषाने त्या मुलीशी विवाह करावा असा एक अलिखित दंडक होता. गोळी आणि गर्भपात हाताशी आल्यावर ‘मूल होऊ द्यायचे की नाही हा तुझा निर्णय, मग जबाबदारीही तुझीच’ असे म्हणण्याची सोय पुरुषाला झाली आणि दंडक ढिला पडला. ज्या स्त्रियांना ही नवी साधने वापरता आली नाहीत किंवा वापरावीशी वाटली नाहीत, त्यांची सौदाशक्ती तर पूर्णच संपली. या स्त्रियांची तुलना त्या अभ्यासकांनी यंत्रमाग आल्यावर देशोधडीला लागलेल्या हातमाग विणकरांशी केली आहे.

सोलापूर-इचलकरंजीच्या कार्यकर्त्यांना ही उपमा उलगडून सांगावयास नको. यंत्र येते तेव्हा एकूण कापड वाढते हे खरे; परंतु कोणाच्या घरात सुबत्ता येते आणि कोणाच्या घरातील चूल विझते, हे यंत्र ठरवीत नाही. ते समाजातील सत्तेची आणि मालकीची वाटणी ठरविते. विणकराची उपासमार पाहून यंत्र मोडावे असे कोणी समंजस माणूस सुचविणार नाही, कारण त्या यंत्राची दुसरी बाजूही असते. प्रस्तुत प्रश्नातही ती आहे. क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २००२ साली दाखवून दिले की, अविवाहित तरुणींना गोळी मिळू लागल्यावर त्यांनी विवाह लांबणीवर टाकला आणि वैद्यक, कायदा यांसारख्या दीर्घ शिक्षणाच्या व्यवसायांत त्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले. तेव्हा एकाच साधनाने एका स्त्रीला न्यायालयात वकील म्हणून उभे केले आणि दुसरीला मुलासह एकटे सोडले. पहिलीपाशी शिक्षण आणि पैसा यांचे पाठबळ होते, दुसरीपाशी बहुधा नव्हते. पेरींच्या टीकेत दुसरी दिसते, मुक्तीच्या अनेक पुरस्कर्त्यांना केवळ पहिली दिसते.

हा पेच भांडवलशाही देशांपुरता आहे असे समजण्याचे कारण नाही. समाजवाद्यांनी तर तो सर्वांच्या आधी अनुभवला. रशियात क्रांतीनंतर डिसेंबर १९१७ मध्ये घटस्फोट सुलभ झाला, १९१८ च्या कुटुंब कायद्याने अनौरस संततीचा कलंक पुसला आणि १९२० साली गर्भपात कायदेशीर झाला. परंतु कागदावरील हे स्वातंत्र्य यादवी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात आले होते. पाळणाघरे थोडी, सार्वजनिक भोजनगृहे थोडी, लक्षावधी मुले रस्त्यावर, आणि नव्या आर्थिक धोरणाच्या काळात कामावरून आधी कमी केल्या जात त्या स्त्रिया. पुरुषाला घर सोडणे सोपे झाले. सोडलेल्या स्त्रीने मात्र पोटगीसाठी न्यायालयाची पायरी झिजवावी, असा प्रकार सुरू झाला.

१९२५-२६ साली नव्या कुटुंब कायद्याच्या मसुद्यावर त्या देशात गावोगावी चर्चा झाली. नोंदणी न झालेल्या सहजीवनालाही मान्यता द्यावी आणि त्यातील स्त्रीलाही पोटगी मिळावी असा तो मसुदा होता. खेड्यातील शेतकरी म्हणाले, एकाच्या वागणुकीपायी सामाईक घरातील गाय का विकावी? अलेक्झांड्रा कोलोंताय यांनी त्या वेळी वेगळीच सूचना मांडली. स्त्रीने एका पुरुषामागे पोटगीसाठी धावणे हीच मुळात मानहानी आहे, आणि ज्याच्या खिशात काही नाही त्याच्याकडून मिळणार तरी काय? त्यापेक्षा प्रत्येक प्रौढ नागरिकाने वर्षाकाठी दोन रूबल द्यावेत आणि त्या निधीतून पाळणाघरे, मातृगृहे व एकाकी मातांचे साहाय्य उभे राहावे. कोलोंताय यांची स्वैराचाराच्या पुरस्कर्त्या म्हणून बदनामी झाली आहे; त्यांच्या या सूचनेतील जबाबदारीची जाणीव मात्र विस्मरणात गेली. ही सूचना नाकारण्यात आली आणि पोटगीचा कायदा मंजूर झाला.

पुढे काय घडले हे प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मुक्तीचा खर्च समाजाने उचलला नाही, तेव्हा मुक्तीच रद्द करण्यात आली. जून १९३६ मध्ये स्टालिनच्या राजवटीने गर्भपातावर बंदी घातली, घटस्फोटाचे शुल्क वाढविले आणि अनेक मुले असणाऱ्या मातांना अनुदान सुरू केले. १९४४ साली तर अविवाहित मातेचा पितृत्वासाठी दावा लावण्याचा हक्कही काढून घेतला. म्हणजे स्त्रीचे स्वातंत्र्य गेले आणि पुरुषाची जबाबदारीही गेली. गर्भपातावरील बंदी उठावयास १९५५ साल उजाडावे लागले. अमेरिकेत जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा निवाडा रद्द केला, तेव्हाही अनेक राज्यांनी बंदीचाच मार्ग धरला. ज्या स्त्रीपाशी परराज्यात जाण्याइतका पैसा आहे तिची वाट त्याने अडली नाही. अकर्लोफ आणि येलेन यांनी कोड्याची उकल सांगतानाच बजावले होते की घड्याळाचे काटे उलटे फिरविण्याचा प्रयत्न अनिष्ट आणि विपरीत परिणाम करणारा ठरेल.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे हे त्यांनी निर्भयपणे सांगितले व त्यासाठी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांची साधने पुढे सरकारी धोरण बनली, परंतु त्यांची समतेची दृष्टी मागे राहिली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्वतः नसबंदी करून घेतली होती. पतीने नसबंदी केल्याचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. शस्त्रक्रिया पुरुषाची सोपी, पण टेबलावर आडवी होते ती स्त्री. यासाठी कोणत्याही लैंगिक क्रांतीची गरज पडली नाही. हे सारे विवाहसंस्थेच्या पवित्र छायेतच घडले.

म्हणूनच ‘विवाहाकडे परत चला’ हा उपदेश येथे पोकळ ठरतो. २०१९ च्या कालविनियोग पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला २९९ मिनिटे जात असल्याचे, तर पुरुषाची ९७ मिनिटे जात असल्याचे आढळले. नवी न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी लागू झाली, तीतही पत्नीवरील बलात्काराला गुन्हा न मानणारा अपवाद कायम ठेवण्यात आला. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून विवाहाविना एकत्र राहणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. ती टाळल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी आणि मुलांना औरसपण देण्याचे कलम त्या कायद्यात आहे आणि ते योग्यच आहे. परंतु दोन सज्ञान व्यक्तींनी आपल्या सहजीवनाची वर्दी सरकारला द्यावयाची, आणि सरकारने मात्र त्या स्त्रीच्या मुलासाठी एक पाळणाघरही वाढवायचे नाही, हा कसला न्याय?

डॉ. लोहियांनी स्त्रीपुरुष संबंधांत दोनच गोष्टी अक्षम्य मानल्या होत्या : बळजबरी आणि वचनभंग. समाजवादी चळवळीत या विचाराचा पूर्वार्ध आवडीने सांगितला जातो, उत्तरार्ध सोयीने गाळला जातो. एकत्र राहण्याचे आश्वासन देऊन गरोदर स्त्रीला सोडून जाणारा पुरुष स्वतःला आधुनिक म्हणवीत असेल, तर चळवळीने त्याला आधुनिक म्हणू नये. संघटनेतील पुरुषांनाही हाच नियम लागू पडतो.

मात्र सारा भार व्यक्तीच्या सचोटीवर टाकून भागणार नाही. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. बांधकामावरील, शेतावरील, विडी वळणारी आणि घरकाम करणारी बाई या तरतुदीच्या बाहेरच राहिली. दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या अंगणवाडी सेविकेला समाज वेतन देत नाही, मानधन देतो. पाळणाघराची मागणी, सेविकेच्या वेतनाची मागणी, एकल मातेच्या साहाय्याची मागणी, पुरुष नसबंदीचा प्रचार, ही कामे सभेत टाळ्या मिळवून देणारी नाहीत. पण स्त्रीमुक्तीचा खरा कस तेथेच लागतो. ज्या वस्तीत ही कामे होणार नाहीत, तेथील मुली एक तर मुक्तीला भितील, किंवा तिची किंमत एकट्याने मोजतील. आणि त्या भीतीवर आपली पोळी भाजून घेणारे दारातच उभे आहेत.