पगार नसलेल्यांचं म्हातारपण

देवरी तालुक्यातल्या चिचगडसारख्या गावात म्हातारपणाच्या तजविजीचा विषय काढला, की हमखास ऐकू येतं: ते मास्तरांचं काम. ज्याला पहिल्या तारखेला पगार त्याला निवृत्ती. धानाच्या बांधीत रोवणी करणारा आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारा माणूस हात चालतात तोवर राबतो. तो कसलं नियोजन करणार? हे मत घातक आहे. ते मोडून काढायलाच हवं, पण त्यामागची कारणं पोकळ नाहीत, म्हणून त्यांना धरूनच बोलू.

हातावर पोट असलेल्याला पुढचा विचार परवडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी धानाचं गाव नीट पाहिलेलं नाही. घरातला तांदूळ संपत आला तरी बियाण्याच्या धानाला कोणी हात लावत नाही. मोहफूल वेचून, वाळवून पावसाळ्यासाठी ठेवलं जातं. बचत गटातल्या बाया आठवड्याची रक्कम चुकू देत नाहीत. दूरचं पाहण्याची सवय इथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मात्र ती पुढच्या हंगामापर्यंतच पोचते, तीस वर्षांपुढे जात नाही.

तिथे मग जमीन आणि मुलगा पुढे केले जातात. या युक्तिवादाला मी जास्त वेळ देतो, कारण तो मनापासून केला जातो. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चे निर्बंध आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. ही बंधनं हवीतच. ती नसती तर सावकाराने कधीच बांध्या गिळल्या असत्या. पण त्यांचा अर्थही कबूल करावा लागतो. ही जमीन म्हणजे साठवलेला पैसा नव्हे. ती कसली तरच देते, आणि कसायला अंगात बळ लागतं. गुडघे गेलेल्या माणसाला तीच बांधी अर्ध्या हिश्श्याने दुसऱ्याला द्यावी लागते. पाऊस दगा देतो त्या वर्षी तो हिस्साही हाती येत नाही.

मुलाचं काय? तो नागपूरला किंवा रायपूरला असतो, मिरची तोडायला तेलंगणात जातो. तो वाईट नसतो; त्याचंच भागत नसतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यासमोर दाद मागण्याची सोयही आहे. पण पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायला निघणारी आई मला या भागात दिसत नाही, आणि तिने तसं करावं असं मलाही वाटत नाही. म्हातारीच्या औषधाचे पैसे मुलाच्या मर्जीवर आणि त्याच्या कंत्राटदाराच्या चुकाऱ्यावर टांगून ठेवणं हा दोघांवरही अन्याय आहे.

सरकार देईल, असंही म्हणतात. श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात, तेही वयाची ६५ वर्षं पूर्ण झाल्यावर आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर. रोवणीला वाकणारी कंबर पासष्टची वाट पाहत नाही. ही मदत वाढायलाच हवी, पण तेवढ्यावर विसंबून कोणी निश्चिंत होऊ नये.

सगळ्यांत खरा आक्षेप विश्वासाचा आहे. पर्ल्स म्हणजे पीएसीएल कंपनीने देशभरातल्या कोट्यवधी लोकांकडून जमिनीच्या नावाखाली पैसे गोळा केले. २०१४ मध्ये सेबीने सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती लोढा समिती नेमली, आणि तरी माणसं कागद घेऊन वर्षानुवर्षं थांबली. असे एजंट ओळखीचे असतात, नात्यातलेही असतात. एकदा पोळलेला माणूस पुन्हा पैसे देत नाही यात त्याचा दोष नाही. पण त्या फसवणुकीतून काढायचा धडा वेगळा आहे: पैसा खाजगी एजंटाच्या पावतीवर द्यायचा नाही, बँकेच्या आणि डाकघराच्या खात्यात ठेवायचा.

आता माझी बाजू. शहरातला सल्लागार सांगतो, दरमहा पगाराच्या वीस टक्के बाजूला काढा. चिचगडला दरमहा येतच नाही. पैसा येतो तो मे महिन्यात तेंदूच्या चुकाऱ्याला आणि हिवाळ्यात आधारभूत केंद्रावर धान घातल्यावर. म्हणून इथलं नियोजन हंगामाला बांधलं पाहिजे, आणि तशी सोय आहे. अटल पेन्शन योजनेचा हप्ता सहामाही भरता येतो. अठराव्या वर्षी सुरुवात केली तर साठीनंतरच्या ५,००० रुपये पेन्शनसाठी सहा महिन्यांना १,२३९ रुपये पुरतात. चाळिशीला तीच रक्कम ८,५८१ होते. पेन्शनधारक गेला तर जोडीदाराला तेवढीच पेन्शन चालू राहते. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यासाठी किसान मानधन योजना आहे. एकोणतिसाव्या वर्षी महिन्याला १०० रुपये, तेवढेच सरकार घालतं, आणि साठीनंतर ३,००० मिळतात. हा हप्ता पीएम-किसानच्या ६,००० रुपयांतून परस्पर वळवता येतो. घरातून नवा पैसा काढावाच लागत नाही.

महागाई हे ३,००० खाऊन टाकेल, हे म्हणणं बरोबर आहे. सहा टक्के महागाई धरली तर तीस वर्षांनी त्यांची किंमत आजच्या सव्वापाचशेच्या आसपास उरते. म्हणून एका योजनेवर थांबायचं नाही. धान विकल्यावर डाकघरात पीपीएफमध्ये वर्षाला ५,००० टाकले, पंधरा वर्षांनंतर खातं वाढवत नेलं आणि आजचा ७.१ टक्के व्याजदर टिकला, तर तीस वर्षांत पाच लाखांहून थोडे जास्त होतात. आणि त्यातलं निदान एक खातं बाईच्या नावाने हवं. वनहक्काचा पट्टा कायद्यानेच नवराबायको दोघांच्या नावाने असतो. मग म्हातारपणाचं खातं एकट्याच्या नावाने का?

अटल पेन्शनचं आणि मानधनाचं दार चाळीस वर्षं पूर्ण झाल्यावर बंद होतं. ही गोष्ट चिचगडच्या पस्तिशीतल्या माणसाला कोण सांगणार? देवरीचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, बँका, बचत गट आणि ग्रामसभा यांचंच हे काम आहे. तेंदूच्या चुकाऱ्याच्या दिवशी बँकमित्राने गावात बसावं, चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाला विचारावं, बायांना आधी, आणि सही घेण्यापूर्वी हप्ता किती, कधी आणि किती वर्षं कापला जाईल हे त्यांच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवावं.